लग्नात उडवलं म्हणे!

मागच्या मे महिन्यात गावी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, सोसायटीकडून आलेल्या नोटिशीबद्दल बोलत होते. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, महिनाअखेरीला पगार खात्यात पडतो. एवढ्या भांडवलावर आपल्याला कुणालाही आर्थिक सल्ला द्यायचा अधिकार आहे असं मला वाटत होतं. मी म्हणालो, "तात्या, तुम्ही लग्नात एवढा खर्च करायला नको होता. तिथंच गणित बिघडलं."

तात्या काही बोलले नाहीत. आतल्या दारात माझी चुलतबहीण उभी होती, माहेरपणाला आलेली. लग्न तिचंच होतं. ती मुकाट्यानं आत गेली. सकाळी चहाचा कप हातात देताना म्हणाली, "दादा, मला पण तसंच वाटतं. माझ्यामुळंच झालं ना हे सगळं?"

मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेलं उत्तर आहे. ते उत्तर शोधताना मी एकोणिसाव्या शतकात जाऊन पोचलो, कारण 'शेतकरी लग्नात पैसे उडवतो म्हणून बुडतो' हे वाक्य माझं नव्हतंच. ते तुमच्या फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या फॉरवर्डचंही नाही. ते दीडशे वर्षं जुनं आहे. इंग्रज साहेब ते बोलत, शहरातले शहाणे ते बोलत. आणि गंमत अशी, की ते तेव्हाच तपासलं गेलं होतं आणि तेव्हाच चुकीचं ठरलं होतं.

सुप्याचा बाजार

१२ मे १८७५. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं आणि आजच्या बारामती तालुक्यातलं सुपे हे गाव. बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते कागद: कर्जरोखे, गहाणखतं, हिशोबाच्या वह्या. जिथं कागद मुकाट्यानं हवाली केले गेले तिथं बहुतेक वेळा आणखी काही झालं नाही. जिथं दिले गेले नाहीत तिथं घरं जाळली गेली. अंगावर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे झाले. याच्या काही महिने आधी शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं एका सावकारावर बहिष्कार टाकला होता. सुप्यानंतर हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. इतिहासाच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. परीक्षेला दोन मार्कांची टीप म्हणून आपण हे पाठ केलेलं असतं.

सरकारनं आयोग नेमला. पुढच्या वर्षी त्यानं अहवाल दिला. या आयोगाला शेतकऱ्याबद्दल विशेष प्रेम असण्याचं काही कारण नव्हतं. तरीही कुणब्याच्या कर्जाचं मूळ शोधताना लग्नाच्या खर्चाबद्दल त्यानं जे म्हटलं, त्याचा सारांश असा: लग्नकार्यांच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून नको तितकं महत्त्व दिलं गेलं आहे. ऐपतीच्या मानानं तो खर्च जास्त वाटेल, पण असे प्रसंग आयुष्यात मोजकेच येतात, आणि कर्जाची सुरुवात क्वचितच त्यातून होते. कर्ज फुगतं ते पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या रकमांनी: खायला धान्य, पेरायला बियाणं, बैल आणि सरकारचा सारा.

हे वाचून मी थांबलो. १८७६ साली, इंग्रज सरकारनंच नेमलेल्या लोकांनी लिहिलेलं हे. आणि मी, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला, त्याच भागातल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेला, दीडशे वर्षांनंतर ओट्यावर बसून तीच रद्द झालेली थिअरी तात्यांना ऐकवत होतो.

मग कर्ज कशानं झालं?

एकोणिसाव्या शतकातल्या शेतकऱ्याची दोन चित्रं आपल्या डोक्यात असतात. एक कॅलेंडरवरचं: दारात गोठा, परसात विहीर, कणगी भरलेल्या, 'अंथरूण पाहून पाय पसरणारा' समाधानी बळीराजा. दुसरं उधळ्या अडाण्याचं: अंगठाबहाद्दर, हौशी, सावकाराच्या तावडीत स्वतःहून जाणारा. दोन्ही चित्रं आपल्या सोयीची आहेत. पहिल्यात त्याला दुःखच नाही, आणि दुसऱ्यात दुःखाचं कारण तो स्वतःच आहे. दोन्हींत आपल्याला काही करावं लागत नाही.

खरी परिस्थिती समजायला थोडं हिशोबात शिरावं लागतं. १८१८ मध्ये पेशवाई गेली. त्याआधी सगळं आलबेल होतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाची वसुली मक्त्यानं दिली जायची आणि मक्तेदार रयतेला पिळून काढायचे. कंपनी सरकारनं आणलेल्या पद्धतीचं नाव रयतवारी. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी पाहणी सुरू केली. एकेका शेताची मोजणी, जमिनीची प्रत, तिच्यावर रोख रकमेत ठरलेला सारा, आणि तो तीस वर्षांसाठी कायम. आपल्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरांची आणि सर्व्हे नंबरांची वंशावळ तिथवर जाते.

कागदावर ही पद्धत अगदी नीटनेटकी होती. माझ्यासारख्या माणसाला ती आवडावी अशीच. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरली होती: सरासरी. चांगली वर्षं आणि वाईट वर्षं मिळून शेतकऱ्याला सारा परवडेल. ज्या पट्ट्यात पाऊस कधी पडतो, कधी पडत नाही, तिथं कुणीही सरासरीत जगत नाही. माणूस त्या त्या वर्षात जगतो. पीक आलं नाही तरी हप्ता यायचा. पीक आलं तरी हप्त्याच्या वेळी सगळेच धान्य विकायला काढायचे, त्यामुळे भाव पडलेला असायचा. सारा रोख भरायचा असल्यामुळे घरात ज्वारी-बाजरी असली तरी नाणी नसायची. नाणी सावकाराकडे असायची.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. धान्याचे भाव चढले, रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळू लागली, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं आणि भाव उतरले. नेमकं त्याच सुमारास इंदापूरपासून तीस वर्षांची मुदत संपत आली आणि फेरपाहणीत सारा वाढवला गेला. किती वाढवला असेल? सरकारला पुढं १८७४ मध्ये मर्यादा घालावी लागली, की एका तालुक्याचा सारा ३३ टक्क्यांपेक्षा, एका गावाचा ६६ टक्क्यांपेक्षा आणि एका खातेदाराचा दुपटीपेक्षा जास्त वाढवू नये. ज्या सरकारला 'दुपटीच्या वर जाऊ नका' असं लेखी सांगावं लागतं, त्याचे अधिकारी त्याआधी काय करत होते, याचा अंदाज तुम्हीच करा.

आयोगानं काही गावं तपासली तेव्हा साधारण एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले निघाले. सरासरी कर्ज ३७१ रुपये, म्हणजे त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या अठरा पट. यातलं बरंचसं कर्ज जमिनी गहाण टाकून घेतलेलं होतं.

एक गोष्ट इथं प्रामाणिकपणे सांगायला हवी. याच आयोगानं मुख्य दोष सरकारच्या साऱ्याला दिला नाही. आयोगाचे एक सदस्य, ऑकलंड कॉल्विन, यांनी वाढीव साऱ्यावर वेगळं टिपण लिहून टीका केली. इतरांचा भर सावकारावर आणि कोर्टकचेऱ्यांवर होता. म्हणजे कर्जाच्या कारणांबद्दल त्यांच्यात भांडण होतं. लग्नाला मुख्य आरोपी ठरवायला मात्र आयोग तयार नव्हता.

तीन वर्षांचा रोखा

आता या गोष्टीतला माझ्या धंद्याला जवळचा भाग. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. रोख्यावर दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं ठेवली गेली. हेतू चांगला होता: सावकारानं वर्षानुवर्षं व्याज साचवत बसू नये. प्रत्यक्षात काय झालं? दर तीन वर्षांनी सावकार शेतकऱ्याला बोलावू लागला, मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागला. जुनं व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसलं.

उदाहरणाला समजा, शंभर रुपये, दरसाल दर शेकडा २४ व्याज. तीन वर्षांत १७२. नवा रोखा १७२ चा. सहा वर्षांनी २९६ च्या आसपास. नऊ वर्षांनी ५०९. आपल्याकडे जुना दामदुपटीचा दंडक होता, की व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. पण रोखा दर तीन वर्षांनी नवा झाला, की दामदुपट मोजायची ती नव्या आकड्यावर. कायदा मोडला नाही, दंडकही उघडपणे मोडला नाही, आणि शंभराचे पाचशे नऊ झाले. यात एकही लग्न झालेलं नाही.

मग कोर्ट. सावकार दावा लावायचा, शेतकऱ्याला समन्स कळायचं नाही किंवा तालुक्याला जायला सवड नसायची, निकाल एकतर्फी व्हायचा. न्यायाधीशापुढे रोखा आणि त्यावरचा अंगठा असायचा. रोख्याआधी काय घडलं हे विचारायचं काम त्याचं नव्हतं. सुप्याचे लोक कागदांवर का तुटून पडले हे यातून समजतं. सगळी ताकद त्या कागदात होती.

सावकाराला एकट्याला खलनायक करणंही मला पटत नाही. तो चोख व्यापारी होता आणि सरकारनं आखून दिलेल्या मैदानात खेळत होता. साऱ्याचा हप्ता वेळेवर भरला जायचा तो त्याच्याच पैशातून. सरकारला वसुली हवी होती, सावकाराला व्याज हवं होतं. दोघांमध्ये कुणबी होता.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी. त्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते: न्यायाधीशानं शेवटच्या रोख्यापाशी थांबायचं नाही, व्यवहाराच्या सुरुवातीपर्यंत मागं जायचं आणि मुद्दल किती, व्याज किती, हे वेगळं करायचं. कायद्यानं सगळं सुधारलं नाही. सावकार गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले. पण 'मागं जाऊन बघा' हे तत्त्व एकदा मान्य झालं होतं. आपण आज ओट्यावर, ऑफिसच्या कँटीनमध्ये, ग्रुपवर बोलताना तेवढंही मागं जात नाही.

खर्चाच्या रकान्यातलं कुटुंब

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, लग्न हे मुख्य कारण नव्हतं. मग एवढं चिडायचं कशाला?

चिडायचं अशासाठी, की या वाक्यानं दोन माणसांवर अन्याय होतो. शेतकऱ्यावर तर होतोच. पण त्याहून मोठा त्या घरातल्या बाईवर होतो.

शेतकऱ्याच्या कुटुंबाचा उल्लेख सरकारी कागदात कुठं येतो ते पाहा. खात्यावर बहुतेक ठिकाणी एका पुरुषाचं नाव. सारा त्याच्या नावावर, रोखा त्याच्या नावावर, दावा त्याच्यावर. बायको आणि मुलगी येते ती खर्चाच्या बाजूला: लग्न, लुगडं, दागिना, बाळंतपण. आणि शेतात काय होतं? पहाटे जात्यावर दळण, पाणी, शेणगोठा, भाकरी, मग ऊन चढायच्या आत रानात. निंदणी-खुरपणी बायकांची. काढणी, वेचणी, खळ्यावरची वारवणी, बियाण्याची राखण बायकांची. नांगराला जुंपायला बैल कमी पडले तर शेजाऱ्याशी सावड करता यायची, इर्जिक घालता यायची. खुरपं धरणाऱ्या हातांना पर्याय नव्हता. आणि हे हात घरात येत कसे? लग्नातून. दहाबारा वर्षांची पोर सून म्हणून यायची आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागायची.

म्हणजे त्या काळच्या शेतकरी घरात लग्न ही निव्वळ हौस नव्हती, शेतीचा मनुष्यबळाचा बंदोबस्त होता. अनेक शेतकरी जातींत तर मुलाचा बाप मुलीच्या बापाला देज द्यायचा. का द्यायचा, ते सरळ आहे: एका घरातले कामाचे हात दुसऱ्या घरात जाणार होते. त्या मुलीला आयुष्यभर मजुरी मिळाली नाही. तिचं नाव सातबाऱ्यावर आलं नाही. पण कर्जाचं कारण सांगायची वेळ आली, की 'लग्नाचा खर्च' म्हणून ती पहिली आठवली. वर्षाला कितीतरी महिने ती जे कमावत होती ते मोजायला रकानाच नव्हता.

हेच त्याहून जास्त कठोरपणे त्यांना लागू होतं, ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती. खळ्यावर बलुतं मागायला उभे राहणारे, दुसऱ्याच्या रानात राबणारे महार, मांग, रामोशी. ते खातेदार नव्हते, म्हणून खातेदारांच्या सरासरी कर्जात ते नाहीत. 'एकोणिसाव्या शतकातला शेतकरी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं येतो तो फेटा बांधलेला पुरुष खातेदार. शेती करणाऱ्यांतला तो एक भाग होता.

रकान्याची गोष्ट मला टोचते, कारण मी तेच काम करतो. काही वर्षांपूर्वी मी कर्जाच्या एका ॲपसाठी फॉर्म बनवला होता. त्यात 'कर्जाचं कारण' असा ड्रॉपडाउन होता: शेती, शिक्षण, लग्न, आजारपण, इतर. एकच पर्याय निवडता यायचा. 'जुन्या कर्जाचं व्याज भरण्यासाठी' हा पर्याय मी ठेवला नव्हता. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. बैल विकून झालाय, बोअरला पाणी लागलं नाही, कांद्याला भाव मिळाला नाही आणि त्याच वर्षी मुलीचं लग्न आहे, असा माणूस काय निवडेल? 'लग्न'. तो पर्याय सांगायला सोपा आहे, त्यात अब्रूही राहते. मग आमच्या डॅशबोर्डवर चित्र उमटणार, की लोक लग्नासाठी कर्ज काढतात. त्या चित्रावरून कुणीतरी लेख लिहिणार. तो लेख ग्रुपवर येणार. आणि मी तो वाचून तात्यांना सल्ला देणार.

फुले काय म्हणाले?

एक आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझ्या मित्रानंच घेतला: "अरे, लग्नातल्या खर्चावर तर फुल्यांनीही कोरडे ओढलेत."

ओढलेत. पण ते कसे, ते नीट बघू. सत्यशोधक समाजानं १८७३ पासून भटजीशिवाय, थोडक्यात होणारी लग्नं सुरू केली. खर्च कमी करायचा उपाय त्यांनी स्वतः करून दाखवला. १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींमधून शेतकऱ्याला कसं लुबाडलं जातं ते सांगितलं. पण फुल्यांचं बोट लुबाडणाऱ्याकडं होतं. आणि ते तिथंच थांबले नाहीत. सारा, लोकल फंड, जंगल खात्यानं बळकावलेली गायरानं, कचेरीतली लाचखाऊ भटशाही, शेतकऱ्याच्या पोरांना न मिळणारं शिक्षण, असा सगळा पसारा त्यांनी मांडला. उपायही सांगितले: ताली आणि बंधारे बांधा, पाणी अडवा, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवा. ज्या माणसानं लग्नाचा खर्च प्रत्यक्ष कमी केला, त्यानंही शेतकऱ्याच्या दैन्याचं खापर लग्नावर फोडून हात झटकले नाहीत. आपण एकही लग्न स्वस्तात करत नाही आणि हात मात्र झटकतो.

दुसरा आक्षेप हुंड्याचा. हुंडा वाईट आहे, गुन्हा आहे, आणि आज शेतकरी घरांत तो आहे. त्याबद्दल भांडायचं तर जरूर भांडा. पण मुलीवर होणारा अन्याय म्हणून भांडा. शेतीच्या कर्जाचं सोपं उत्तर म्हणून हुंड्याचा वापर केला, की आपण हुंडा घेणाऱ्याला सोडतो आणि मुलीच्या डोक्यावर अपराध ठेवतो. माझ्या बहिणीच्या डोक्यावर मी तेच ठेवलं.

आणि खर्चाचंच म्हणाल, तर माझ्या ऑफिसातली किती लग्नं पर्सनल लोनवर झाली ते मला माहीत आहे. प्री-वेडिंग शूट, डेस्टिनेशन, संगीत. कुणी आमच्यावर आयोग नेमत नाही. आमचा हप्ता पगाराच्या तारखेला बांधलेला असतो, म्हणून आमची उधळपट्टी 'लाइफस्टाइल' ठरते. ज्याचं उत्पन्न वर्षातून एकदा, तेही पावसाच्या आणि बाजाराच्या मर्जीवर, त्याचा मांडव मात्र चर्चेचा विषय.

तात्यांची वही

गणपतीत पुन्हा गावी गेलो तेव्हा तात्यांना म्हणालो, "वही दाखवता का?" ते म्हणाले, "तुला कशाला रं आता ती?" पण काढून दिली. काकू पण येऊन बसल्या. तात्यांना जे आठवत नव्हतं ते काकूंना आठवत होतं. कुठल्या साली कुठली शेळी विकली, पाटल्या कधी मोडल्या, सगळं.

रात्रभर बसून आम्ही मागं मागं गेलो. आज देणं सहा लाखांच्या वर. लग्नासाठी घेतलेले दीड लाख. त्यातले एक लाख तात्यांच्या मेहुण्यांकडून हातउसने, बिनव्याजी. ते दोन वर्षांत फिटले, काकूंच्या पाटल्या आणि एका बऱ्या वर्षाचा कांदा यांतून. राहिले पन्नास हजार. बाकी? दोन बोअर, त्यातलं एक कोरडं. मोटर दोनदा जळाली. कांद्याचे दोन हंगाम, ज्यात काढणीची मजुरीही निघाली नाही. आणि सगळ्यांत मोठी ओळ, जी मी कधी ऐकलीच नव्हती: दर मार्चमधलं 'नवं-जुनं'.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं की ते थकीत धरत नाहीत आणि लगेच नवं कर्ज मिळतं. भरायला पैसे नसतात. मग गावातल्या कुणाकडून तरी दहापंधरा दिवसांसाठी खाजगी पैसे घ्यायचे, महिना तीन टक्क्यांनी, कधी पाच. त्यातून जुनं भरायचं, नवं उचलायचं, त्या नव्यातून खाजगीवाल्याचे पैसे आणि त्याचं व्याज द्यायचं. उरेल त्यात पेरणी. कागदावर तात्या नियमित कर्जदार. वहीत दर वर्षी खड्डा थोडा मोठा. उरलेलं कमी पडतं म्हणून पुन्हा खाजगी.

तीन वर्षांचा रोखा आता एक वर्षाचा झालाय, एवढाच फरक मला दिसला.

आज हप्ता मागणारी सोसायटी साऱ्यासारखी नाही, आणि १८७५ चा कुणबी म्हणजे तात्या नव्हेत, हे मला कळतं. तेव्हा कोर्टात अंगठा होता, आता सही आहे. तेव्हा कर्ज देणारा एकच दरवाजा होता, आता चार आहेत. पण हप्त्याची तारीख एका जागी ठरते, आणि पाऊस नि भाव दुसऱ्या जागी, ही अडचण तशीच आहे. आणि ती अडचण दिसू नये म्हणून मांडवाकडं बोट दाखवायची सवयही तशीच आहे.

पहाटे मी बहिणीला फोन लावला. ती गोठ्यात होती. मी म्हणालो, "ऐक. सहा लाखांतले पन्नास हजार. बाकी तुझ्याशी संबंध नाही." थोडा वेळ पलीकडून फक्त म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "आणि मी दहावीपासून कांदे काढायला होते, ते धरलं का?"

नव्हतं धरलं. वहीत तो रकाना नव्हता.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात, एक नाहीतर दोन पिढ्या मागं, शेती आहे. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की शेतकरी लग्नात उडवतो, तर त्याला एकच विचारा: वही बघितलीस का? आणि आपल्या घरातली वही अजून शाबूत असेल, तर गावी गेल्यावर ती मागून घ्या. सोबत आईला किंवा काकूंना बसवा. काही ओळी त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नसतात.